कुत्रं कोणतं?

चिंचधऱ्याच्या आरोग्य केंद्रात कुत्रं चावलेला माणूस आला, की नर्स इंदुताई त्याची जखम साबणाच्या पाण्यानं धूत असतानाच पहिला प्रश्न विचारत, "कुत्रं कोणतं?"

माणूस घाबरलेला असे. पायजम्याला रक्त लागलेलं असे. आणि ही बाई कुत्र्याचा रंग विचारी, कान विचारी, शेपूट विचारी. पुढून आलं की मागून? भुंकून चावलं की न भुंकता? कोणाच्या दारात बसतं? उत्तरं देता देता माणसाचं कण्हणं थांबे आणि तोही विचारात पडे, की खरंच, त्याचा कान तुटलेला होता की नाही?

यात नियमाचा भाग होता. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते. ते दहा दिवस धडधाकट राहिलं, तर माणसाच्या जिवाची काळजी बरीच हलकी होते. पण इंदुताईंची चौकशी नियमापाशी थांबत नसे. त्यांना ते कुत्रं खरोखरच जाणून घ्यायचं असे. मारेगाव तालुक्याच्या त्या कोपऱ्यातल्या अकरा गावांत अठरा वर्षं त्या हिंडल्या होत्या. कधी पायी, कधी एसटीनं, कधी कोणाच्या सायकलच्या कॅरिअरवर. कोणत्या गावात कोणतं कुत्रं कुठे निजतं, हे त्यांना तोंडपाठ होतं. लांबून त्या येताना दिसल्या की पोरं ओरडत, "कुत्र्याची बाई आली!" इंदुताई त्याला हसत. गावानं आपल्याला निदान चुकीच्या कारणासाठी तरी ओळखलेलं नाही, असं त्या म्हणत.

त्यांची दुसरी खोड म्हणजे लाल शाई. सुयांच्या तारखांचं जे कार्ड रोग्याला मिळे, त्याच्या माथ्यावर त्या स्वतःच्या हातानं लिहीत: "सहा महिने दारू पूर्ण बंद." खाली दोन रेघा. हे कोणत्याही परिपत्रकात नव्हतं. त्यामागे अमरसिंग होता.

अमरसिंग हा जवळच्या तांड्यावरचा, उंच आणि हसतमुख गडी. इंदुताई नोकरीला नवीन असताना त्याला कोल्हेकुई करणाऱ्या एका कुत्र्यानं धरलं. तेव्हा चौदा सुया पोटात घ्याव्या लागत. पाचव्या सुईला तो आला नाही, सहाव्यालाही नाही. पिऊन पडलेला असे. दीड महिन्यानं त्याला पाण्याची भीती वाटू लागली आणि पुढचं सगळं तांड्यानं पाहिलं. दारू पोटात गेली की कुत्रं अंगात भुंकतं, असं तांड्यावर ठरलं आणि तिथून ते अकरा गावांत पसरलं. अमरसिंग दारूनं गेला नव्हता, चुकलेल्या सुयांनी गेला होता. इंदुताईंना हे माहीत होतं. पण त्या समजुतीमुळे लोक सुया पूर्ण करू लागले, म्हणून त्यांनी ती खोडून काढली नाही. उलट तिला लाल शाई दिली.

हे सगळं ठीक चाललं होतं. २००६च्या दिवाळीनंतर मात्र चार जवान पोरं पाच दिवसांत आली, आणि चौघांना एकच कुत्रं चावलं होतं.

ती वर्षं कापसाला वाईट होती. दवाखान्याच्या दारात जीप करकचून थांबली, की आतून फवाऱ्याच्या औषधाचा वास येई आणि इंदुताई काहीही न विचारता पोट धुवायची नळी आणायला धावत. त्यामुळे कुत्र्याचा माणूस आला की त्यांना उलट हायसं वाटे. इथे प्रश्न विचारायला वेळ होता आणि बहुतेक प्रश्नांना उत्तरं होती.

पहिला आला अतुल. वय वीस, बारावी झालेला, रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये या हंगामात नव्यानं लागलेला. केसांत रुईचे तंतू अडकलेले. गुरुवार होता.

"कुत्रं कोणतं?"

"काळं, ताई."

"कान?"

"कानबी काळे."

"जिनिंगच्या गेटावरच्या कुत्रीचा एक कान पांढरा हाय ना बाप्पा?"

"हो हो. एक पांढरा होता."

"शेपूट?"

अतुलनं जरा विचार केला. "होती."

इंदुताईंनी जखम पाहिली. डाव्या हाताच्या कोपराखाली दोन ठिपके, शेजारी शेजारी, सुबक. कुत्र्याचा दात कातडी फाडतो. तो असे टिंब देत नाही. तरी त्यांनी सुई दिली. या रोगात शंकेचा फायदा नेहमी रोग्याला द्यायचा असतो. कार्ड केलं, लाल शाईनं ओळ लिहिली. अतुलनं ती ओळ दोनदा वाचली आणि कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात असं ठेवलं, की लाल अक्षरं बाहेरून दिसावीत. इंदुताईंच्या ते नजरेत भरलं. लोक हे कार्ड लपवत, कारण कुत्रं चावलेल्या माणसापासून लोक जरा अंतर राखून बसत.

रविवारी तो दुसऱ्या सुईला आला तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं, आणि कुत्रं करडं झालेलं होतं. सोमवारपर्यंत आणखी तिघं आले. अफरोज नावाचा एक सडपातळ पोरगा आणि हिवरीचे दोन भाऊ. सगळे जिनिंगचे, सगळे नवीन, सगळ्यांना डाव्या हातावर दोन ठिपके. इंदुताईंनी ड्रेसिंगच्या गॉजमधून एक धागा ओढला आणि ठिपक्यांमधलं अंतर मापलं. चौघांचं सारखं भरलं. चार वेळा चावताना तोंड एकाच मापानं उघडणारं कुत्रं त्यांनी अठरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

राग येण्याऐवजी त्यांना त्या धाग्याचं नवल वाटत राहिलं. माणूस सुई चुकवायला खोटं बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं. सुई मिळावी म्हणून कोण खोटं बोलेल?

बुधवारी दुपारची ड्यूटी संपल्यावर त्या पर्समध्ये बिस्किटाचा पुडा टाकून जिनिंगवर गेल्या.

गेटाशी चौकीदार अब्दुल गनी खुर्चीत बसला होता. त्याच्या पायाशी काळी कुत्री निजली होती, एक कान पांढरा. आत सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांची घरघर चालली होती आणि कापसाचा बारीक धूर उन्हात तरंगत होता.

"गनीभाई, हिनं चार पोट्ट्यांले चावलं म्हणते."

गनी खुर्चीतून उठलाच. "कोण म्हणते? राणीनं? ताई, खुदा की कसम, बदनामी हाय ही." त्यानं वाकून कुत्रीचा जबडा उघडला. "पाहा. पाहून घ्या. दात तरी हाय का तिले?"

नव्हते. दोन पिवळे खुंट डावीकडे, एक उजवीकडे. इंदुताईंनी बिस्किट दिलं. राणीनं ते तोंडात घोळवून ओलं केलं आणि मग गिळलं. बराच वेळ लागला.

"भाकर मी चहात बुडवून देतो तिले," गनी दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "हे चावणार?"

"मंग पोट्टे खोटं काहून बोलून राह्यले?"

गनीनं आत पाहिलं, मग आवाज खाली केला. "उकंडाचा ग्लास हाय ना, ताई."

उकंडा हा इथला मुकादम. त्याच्या आधीची दोन मुलं गेली म्हणून आईनं तिसऱ्याला जन्मताच उकिरड्यावर ठेवून, कोणाचं तरी टाकलेलं मूल उचलावं तसं परत घेतलं होतं. त्या नावाचा माणूस पन्नाशीला आला होता, दणकट झाला होता, आणि या आवारात त्याचा शब्द चालत होता. हंगामातली रुईची पहिली गाठ बांधली गेली, की तिला कुंकू लावून नारळ फुटे. संध्याकाळी शेडमागे सगळे गोल बसत आणि त्या वर्षीच्या नव्या गड्यांनी उकंडाच्या हातून गाठीचा ग्लास घ्यायचा, ही रीत होती. एकच स्टीलचा ग्लास, दारूनं भरलेला. तो फिरत फिरत तुमच्यापाशी आला, की तुमच्यामुळे अडून राहतो आणि वीस माणसं तुमच्याकडे पाहतात. पहिल्या गाठीनंतर दर शनिवारी तेच.

"नाही म्हणणाऱ्याले काय करते? मारते?"

"छे! मारत कोणी नाही. विचारते," गनी म्हणाला. "काहून नाही? काहून नाही? बस, इतकंच. आठ-आठ दिवस विचारते. कामावर विचारते, जेवताना विचारते. मागच्या साली एक पोट्टा काम सोडून गेला विचारण्यापाई. पण गेल्या शनिवारी अतुलच्या खिशात तुमचं कार्ड होतं. उकंडानं लाल अक्षर पाह्यलं आन ग्लास पुढं नेला. वरून म्हणलं, जपून राह्य बे, अमरसिंग आठवते मले. दुसऱ्या दिवसापासून बाकीच्याइलेबी कुत्रं चावाले लागलं."

इंदुताई गेटाच्या खांबाला टेकल्या. आपण लिहिलेली ओळ आपल्या नकळत कुठवर चालत गेली, हे त्यांना दिसत होतं, आणि खरं सांगायचं तर ते पाहण्यात त्यांना थोडी मौज वाटत होती. पण तिला लागूनच फ्रिज आठवला. लसीच्या कुप्या मोजून येत. चार पोरांच्या पाच-पाच म्हणजे किती, हे त्यांना बोटांवर मोजावं लागलं नाही.

त्यांनी अतुलला बोलावून घेतलं. तो आला, राणीला पाहिलं, इंदुताईंना पाहिलं, आणि त्याला सगळं कळलं.

"कशानं केलं?" त्यांनी हातातला धागा दाखवत विचारलं.

"कर्कटकानं. बारावीच्या कंपासपेटीतलं." मग घाईघाईनं, "गरम पाण्यात उकळलं होतं, ताई."

"ते बरं केलं," इंदुताई म्हणाल्या. "आता सांग, तुले दारू काहून नाही पाह्यजे?"

त्यांच्या मनात उत्तर तयार होतं. बाप पिऊन गेला असेल, आईला वचन दिलं असेल, निदान पोटाचं काही असेल. अतुल पायाच्या अंगठ्यानं सरकी उकरू लागला.

"मन नाही होत."

"आन?"

"आन काही नाही. माहा बाप पेत नाही, मजेत हाय तो घरी. मले काही झालं नाही. फक्त मन नाही होत." त्यानं वर पाहिलं. "पण मन नाही होत, हे काय कारण हाय का, ताई? मी पोटाचं सांगितलं तं म्हणते, पोटाले चांगली असते. आई रागावते म्हणलं तं म्हणते, आईच्या पदराले बांधून राह्य. अफरोजनं धर्माचं सांगितलं तं म्हणे, धर्म गेटाबाहेर ठेव, अंदर सगळे जिनिंगवाले. जे कारण देलं त्याच्यावर त्याइच्यापाशी तोड हाय. कुत्र्यावर नाही."

इंदुताई रविवारी विहारात जात. पंचशील म्हणताना पाचव्या ओळीला, मादक पदार्थांपासून दूर राहीन, असं सगळ्यांबरोबर त्याही म्हणत, आणि मागच्या रांगेत बसलेली कोणती मंडळी ते म्हणून संध्याकाळी काय करतात, हेही त्यांना माहीत होतं. वीस वर्षं या विषयावरची भाषणं त्यांनी ऐकली होती. भिंतींवर रंगवलेले दारूचे माठ आणि कवट्या पाहिल्या होत्या. काहीही न झालेला, कशालाही न घाबरलेला, ज्याचं केवळ मन नाही, असा माणूस त्यांतल्या एकाही भाषणात नव्हता.

"उद्या तिसरी सुई हाय तुही," त्या निघताना म्हणाल्या. "येजो." काय करायचं ते त्यांचं ठरलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला अतुल बाकावर येऊन बसला, खिशात कार्ड. नव्या डॉक्टरीणबाई, डॉ. उर्वशी, आतल्या खोलीत होत्या. त्या शहरातून आलेल्या, सव्वीस वर्षांच्या, कामाला चोख. त्यांना सगळं सांगावं म्हणून इंदुताई दोनदा दारापर्यंत गेल्या आणि दोन्हीदा काहीतरी दुसरंच विचारून परत आल्या. फ्रिजमध्ये कुत्र्याच्या लसीची एकच कुपी उरली होती. तालुक्याहून पुढचा पुरवठा शुक्रवारी संध्याकाळी येणार होता.

तेवढ्यात जिनिंगची जीप आली. उकंडा मुकादमानं रुपीबाईला आधार देऊन उतरवलं. रुपीबाई तांड्यावरची, जिनिंगमध्ये सरकी झाडायला येणारी. तिच्या पोटरीचा लचका लोंबत होता.

"याडी ये!" ती आईला हाका मारत होती. "माह्या भासऱ्यासारखं नोको होऊ दे, ताई! अमरसिंगसारखं नोको होऊ दे!"

अमरसिंग तिच्या नवऱ्याचा मोठा भाऊ. इंदुताईंचे हात क्षणभर थांबले. मग त्यांनी नळाखाली पाय धरला आणि साबण लावला.

"कुत्रं कोणतं?"

"ओळखीचं नाही. लाल. तोंडातून फेस. भुंकलंबी नाही, सरळ आलं."

"कुठं?"

"नाल्यापाशी. सकाळी."

नंतर उकंडानं विचारलं, तेव्हाही ती तेच म्हणाली. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हाही. लाल, फेस, नाला, भुंकलं नाही. शब्दसुद्धा बदलले नाहीत.

डॉक्टरांनी जखम पाहिली आणि त्यांचा चेहरा बदलला. "जखमेत द्यायच्या सिरमसाठी हिला आजच यवतमाळला न्यावं लागेल. लस किती आहे, सिस्टर?"

"एक, मॅडम."

डॉक्टरांची नजर बाकाकडे गेली. अतुलच्या खिशातली लाल अक्षरं दिसत होती. "याचा आज तिसरा डोस ना? मध्येच तोडता येणार नाही. एक काम करू, ती याला द्या. बाईंना यवतमाळला पहिला डोसही तिथेच मिळेल."

निर्णय पुस्तकाप्रमाणे बरोबर होता. यवतमाळ मात्र ऐंशी किलोमीटर होतं. तिथे पोचायला दुपार टळणार होती, रांग वेगळीच, आणि तिथे गेल्यावर लस संपलेली निघाल्याचंही इंदुताईंनी पाहिलेलं होतं. त्यांनी कुपी फ्रिजमधून काढली. ती तळहातावर गार लागत होती. त्यांनी एक शब्द उच्चारला असता तर काम झालं असतं. पण तो शब्द उकंडाच्या समोर उच्चारावा लागला असता, आणि त्यानंतर त्या पोराच्या खिशात काहीच उरलं नसतं. शिवाय त्याचं खोटं आपण उघडं पाडलं, तर तेवढ्यानं तो फक्त पकडला जाणार होता; खरं त्याच्याच तोंडून यायला हवं होतं.

त्या बाकासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अतुल," त्यांनी नेहमीच्याच आवाजात विचारलं, "कुत्रं कोणतं होतं?"

अतुलनं रुपीबाईच्या पायाकडे पाहिलं. मग उकंडाकडे.

"कुत्रं नोतंच, ताई. सुई तिले द्या."

डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे?" इंदुताईंनी कुपी फोडून रुपीबाईच्या दंडात सुई दिली. उकंडा पुढे आला, त्यानं अतुलच्या खिशातून कार्ड दोन बोटांनी उपसून काढलं, लाल ओळ वाचली, उलटून पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं.

"शनिवारी भेट मंग," तो म्हणाला आणि रुपीबाईला घेऊन जीपकडे गेला.

डॉक्टरांना मग इंदुताईंनी सगळं सांगितलं. धागा, कर्कटक, राणीचे दात, ग्लास. आणि स्वतःची लाल शाईही. डॉक्टर आधी हसल्या, मग हसेनाशा झाल्या. "दारू प्यायला लागू नये म्हणून रेबीजची सुई? सिस्टर, इतकं कडक पथ्य पुस्तकात कुठेच नाही."

"माहीत हाय, मॅडम."

"आणि तुम्हाला कालच कळलं होतं."

"हो."

डॉक्टरांनी चौघांच्या पुढच्या सुया बंद केल्या आणि यापुढे खोटी जखम दिसली तर आधी मला सांगायचं, अशी ताकीद दिली. ती इंदुताईंनी मान खाली घालून ऐकली. त्यांच्या नोकरीतली ती पहिली ताकीद होती, आणि ती रास्त होती.

अतुल व्हरांड्यात बसून होता. "आता काय सांगू मी शनिवारी?" त्यानं विचारलं. "कार्ड आता कामाचं नाही. दुसरं काही कारण सुचते का तुमाले?"

इंदुताई त्याच्याशेजारी पायरीवर बसल्या. सकाळपासून एक गोष्ट त्यांच्या डोक्यात फिरत होती, आणि ती त्या बोलता बोलताच जुळवत गेल्या.

"मी अठरा वर्षं लोकाइले कुत्रं विचारून राह्यली. तुले गुरुवारी विचारलं तं काळं होतं, रविवारी करडं झालं. रुपीबाईले तिघाइनं विचारलं, तिघाइले लालच. खऱ्या माणसाजवळ एकच उत्तर असते, बाप्पा. तो दुसरं आणणार कुठून? खोट्याले दर टायमाले नवीन शोधा लागते, म्हणून तो थकते." त्या थांबल्या. "तू त्याइले कारणं देत गेला. पोट, आई, आणखी काय काय. एक तोडलं की दुसरं. ते थकले नाही, तू थकला. तुह्याजवळ खरं उत्तर एकच हाय ना?"

"मन नाही होत."

"मंग तेच. दहादा विचारलं तं दहादा. त्याच्या पुढं एक शब्द जोडू नोको. भांडू नोको, त्याइले पिऊ नोका असंबी म्हणू नोको."

"हसतीन ना, ताई."

"हसतीन," इंदुताईंनी मान्य केलं. "हसण्यावर माह्याजवळ सुई नाही."

शनिवारी दिवस कलायला त्या जिनिंगच्या गेटावर हजर होत्या. गनीनं खुर्ची पुढे केली. "ताई, तुमी कशा काय?"

"राणीचा दहावा दिवस हाय आज. पाहा लागते."

गनीनं राणीकडे पाहिलं, इंदुताईंकडे पाहिलं, आणि नियम आहे खरा, अशी मान हलवली. दोघं राणीशेजारी बसून शेडच्या कोपऱ्याकडे पाहत राहिली. रेचे थांबले होते, त्यामुळे आवार एकदम मोठं झाल्यासारखं वाटत होतं आणि पलीकडचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. गाठींना टेकून माणसं गोल बसली होती. ग्लास निघाला. तो हातोहात येऊन अतुलपाशी थांबला.

"घे," उकंडा म्हणाला.

"मन नाही, उकंडाभौ."

"काहून मन नाही?"

"मन नाही."

"कुत्रं नाही चावलं का आज?" हशा झाला. कोणीतरी भुंकून दाखवलं.

"नाही चावलं. मन नाही."

"आईनं दूध पाजून पाठोलं का?"

"मन नाही."

"चोरून लगन लावलं का बे? बायको वास घेते?" आणखी मोठा हशा.

अतुलचा आवाज चिरकला, पण शब्द तेच आले. "मन नाही."

"अबे, दुसरं काही बोलता येते का नाही तुले?"

इंदुताईंच्या हातातल्या बिस्किटाचा चुरा झाला होता. इतक्यात गोलातून एक कंटाळलेला आवाज आला, "टेप अटकला त्याचा, उकंडाभौ. फिरवा ना ग्लास पुढं, आमी कधीचे बसलो!"

ही गोष्ट इंदुताईंनी गृहीतच धरली नव्हती. विचारणाऱ्यांना उत्तराची गोडी होती. उत्तर तेच तेच येऊ लागल्यावर त्यांना आपली पाळी आठवली. उकंडानं अतुलवरची नजर न काढता ग्लास पुढच्याला दिला. अफरोजपाशी तो पोचला तेव्हा अफरोजनंही तेच दोन शब्द म्हटले, इतक्या हळू की गेटापर्यंत ऐकू आले नाहीत. फक्त ग्लास पुढे सरकताना दिसला. हिवरीच्या भावांपैकी धाकट्यानं मात्र घेतला. मोठ्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्यानंही घेतला.

"दोन वाचले, दोन गेले," गनी पुटपुटला.

त्या दोघा भावांचं उत्तर काय होतं, ते आपण विचारलंच नाही, हे इंदुताईंना आत्ता आठवत होतं. कुत्र्याचं विचारलं, कर्कटकाचं विचारलं, मनाचं फक्त एकालाच विचारलं. पुढच्या आठवड्यात हिवरीची फेरी होती. तेव्हा विचारता येणार होतं.

अतुलची सुटका एका शनिवारात झाली नाही. महिनाभर जिनिंगमध्ये त्याचं नाव "मन नाही" पडलं. गाठ उचलायला हाक मारायची तरी "ए मन नाही, इकडं ये." पण ग्लास त्याच्यापाशी थांबेनासा झाला, आणि संक्रांतीपर्यंत नावही जुनं होऊन गळून पडलं.

रुपीबाईला पुढच्या सुयांना उकंडा स्वतः जीपनं आणून सोडत असे. यवतमाळहून सिरम घेऊन आल्यावर, त्या शनिवारच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी ती दुसऱ्या सुईला आली, तेव्हा तो व्हरांड्यात विडी ओढत उभा होता. इंदुताईंना राहवलं नाही.

"मुकादम, एक विचारू?"

"कुत्र्याचं?"

"नाही. तुमी नवीन लागले तवा गाठीचा पहिला ग्लास तुमाले कोणं देलता?"

उकंडानं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं लोक पूर्वी शेपटीच्या प्रश्नाला पाहत. "काय माहीत," तो म्हणाला. विडी विझवून तो जीपमध्ये जाऊन बसला.

गुरुवारी तिसरी सुई होती. इंदुताईंनी रुपीबाईच्या दंडावर कापूस दाबून धरला होता. जखम भरत आली होती. ताप नव्हता, पाणी व्यवस्थित पीत होती. कार्डावर लाल ओळ होती, ती या वेळी फक्त इतकीच होती: "एकही सुई चुकवू नका." तेवढ्यात दारातून उकंडाचा आवाज आला. प्रश्न जणू आत्ताच विचारला असावा, अशा सुरात तो बोलत होता.

"देणाऱ्याचं नाव नाही आठवत, ताई. चार दिवस लय आठवून पाह्यलं. पण मी काय म्हणलो होतो, ते आठवलं."

"काय म्हणले होते?"

"डोकं दुखून राह्यलं म्हणलो होतो."

"दुखत होतं?"

"नाही ना!" उकंडा दाराच्या चौकटीला टेकून क्षणभर आपल्याच उत्तराकडे पाहत असल्यासारखा उभा राहिला. "त्याइनं म्हणलं, मंग हेच तं औषध हाय. आन मले दुसरं काही सुचलं नाही."